टाकीच्या आतली बाजू

पेट्रोलचा कॉक मेनवर असेपर्यंत गाडी विनातक्रार पळते आणि टाकी उतरल्यावर तो रिझर्व्हला फिरवला की थोड्याच अंतरावर आचके देऊन बंद पडते. जुन्या मोटरसायकलींची ही तक्रार कुठल्याही गॅरेजात थोडा वेळ बसलं तर कानावर पडतेच. मग कार्बोरेटर उघडला जातो, जेटमध्ये फुंकर मारली जाते, प्लग घासला जातो, गाडी सुरू होते, आणि पुढच्या रिझर्व्हला पुन्हा तेच. आजार खाली नसतोच, वर असतो. पेट्रोलच्या कॉकला टाकीच्या आत दोन तोंडं असतात. मेनचं तोंड उभ्या नळीच्या टोकाला, बुडापासून बरंच वर. रिझर्व्हचं अगदी बुडाशी. टाकीत आलेलं पाणी पेट्रोलहून जड, म्हणून ते तळाला बसतं आणि गंजाचा गाळही तिथेच साठतो. मेनवर इंजिनाला वरचं निवळ पेट्रोल मिळतं, रिझर्व्हवर हा गाळ.

माझ्या काकाची येझदी याच दुखण्यानं शेडमध्ये गेली आणि तिथेच राहिली. काका म्हापशाच्या स्टँडवर पायलट होता. गोव्यात पायलट म्हणजे मोटरसायकलवरून भाड्यानं माणसं पोचवणारा परवानेवाला. पुढचं मडगार्ड पिवळं, मागे गिऱ्हाईक, गिऱ्हाईकाची पिशवी टाकीवर. बस सोडते तिथून घरच्या पायरीपर्यंतची वाट पायलटांची असते. बाजारातून परतणारी म्हातारी माणसं, आजारी माणसं, रात्री उशिरा उतरलेले पाहुणे, सगळे या गाड्यांवरूनच घरी पोचले. येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, आणि त्यानंतर या गाड्या टिकल्या त्या म्हापसा, बेळगाव, कोल्हापूरच्या मेस्त्रींच्या हातांवर. काकाचे गुडघे दुखायला लागले तशी त्यानं गाडी चालवणं सोडलं. त्या वेळी टाकीत अर्धं पेट्रोल होतं. टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करून ठेवणं हे पत्र्याच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट.

का, ते सांगतो. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असतं. ते असावंच लागतं, नाहीतर पेट्रोल खाली उतरताना आत पोकळी होऊन धार थांबेल. त्याच छिद्रातून टाकी श्वास घेते. दुपारी शेडचे पत्रे तापले की आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. आणि ही बाहेरची हवा गोव्याची. पणजीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत डब्यातलं मीठ पाझरतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, धुतलेली चादर चार दिवस ओलसर राहते. अशी हवा रात्री टाकीत शिरली की पहाटे वरच्या पत्र्याला आतून दव धरतं. थेंब ओघळतात, पेट्रोलमधून खाली जातात, तळाला बसतात. रोज थोडं थोडं. म्हणून अर्ध्या टाकीत वरचा उघडा भाग आणि अगदी बूड यांना गंज जास्त, मधला पेट्रोलनं झाकलेला पट्टा त्यामानानं बरा.

लोखंड गंजतं याचं आम्हा डिचोलीकरांना तसं नवल नाही. आमचे डोंगरच लोहखनिजाचे. गंजात जी संयुगं असतात त्यांतलं गोएथाइट हे खनिज आमच्या डोंगरांतही आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा खनिजाचे टिपर अंगणात आणि खनिज वाहणाऱ्या बार्जी, म्हणजे सपाट बोटी, नदीच्या कडेला उभ्या राहिल्या, आणि काही पावसाळ्यांत त्यांच्या पत्र्याचा रंग खालच्या मातीत मिसळून गेला. कांदोळीच्या किनाऱ्यावर जून २००० मध्ये रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस हे अवाढव्य जहाज तर २०१२ पर्यंत तिथेच गंजत होतं. पर्यटक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढायचे.

पण हा सगळा डोळ्यांसमोरचा गंज. मला धास्ती वाटते ती आतल्याची. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला. १९७० च्या आसपास वाहतुकीला खुला झालेला तो पूल, म्हणजे वय जेमतेम सोळा. काँक्रीटच्या पोटात ताण देऊन बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. वरून जाणाऱ्या-येणाऱ्याला त्याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस माणसं, गाड्या, भाजीच्या पाट्या सगळं फेरीबोटीवर आलं. पणजीसमोरच्या बेतीच्या धक्क्यापर्यंत गिऱ्हाईक आणायचं, कधी गाडीसकट पलीकडे जायचं, अशी काकाची ती वर्षं गेली. टाकीच्या उजव्या बाजूला जो पोचा आहे तो त्याच दिवसांतला. फेरीच्या रॅम्पवर चिखलात गाडी आडवी झाली होती. नव्या पुलाची वाट १९९२ पर्यंत पाहावी लागली. काका अजून कुठल्याही नव्या पुलावरून जाताना खाली बघतो.

तेव्हा ही टाकी मोडीत घालायची नाही हे आमच्या घरात न बोलताच ठरलेलं होतं. पहिल्या गॅरेजात सल्ला मिळाला तो उलटा. "बाब, नवी टाकी घाला. रंगवून तयार मिळते. नाहीतर ह्यातच आतून लेप मारून टाकतो, दोन दिवसांचं काम." नव्या बनावटीच्या टाक्या मी हाताळून पाहिल्या आहेत. पत्रा पातळ असतो, बसवण्याचे कान अर्ध्या बोटानं इकडेतिकडे असतात, मग मेस्त्री ते हातोडीनं वळवतो आणि वर्षभरात तिथूनच चीर जाते. आणि गंजावरच लेप मारणं हे तर मला पटणारंच नाही. लेप धरतो तो पत्र्याला धरावा. गंजाच्या खपलीला धरलेला लेप खपलीबरोबरच सुटतो. सुटताना त्याच्या पापुद्र्यांनी कॉकची जाळी बुजते, आणि पहिल्या आजारावर दुसरा आजार चढतो.

म्हापशात रेडिएटर दुरुस्त करणारे एक जुने मेस्त्री आहेत. मूळचे खानापूरकडचे, पण आयुष्य सगळं इथे गेलेलं. त्यांनी टाकी हातात घेतली, उलटी करून बुडाच्या शिवणीवर अंगठ्याचं नख दाबत दाबत नेलं आणि म्हणाले, "आधी आत काय आहे ते मला दाखवा. रंगाचं मागनं बोलू."

बॅटरीचा लहान दिवा तारेनं तोंडातून आत सोडला. काडी, लायटर, साधा बल्ब असलं काही टाकीजवळ नेऊ नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेट घेते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तसंच मिश्रण असू शकतं. शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट्रोलची वाफ पेटण्याइतकी निघते, मग मे महिन्यातल्या म्हापशाचं काय सांगावं.

दिव्याच्या उजेडात वरचा पत्रा दिसला. नारिंगी, मखमलीसारखा, बोट लावलं की भुकटी. खाली मात्र गंज दिसतच नव्हता, त्यावर काळपट चिकट थर होता. येझदी टू-स्ट्रोक, तिच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं. पेट्रोल उडून जातं, ऑइल मागे राहून राळेसारखं घट्ट होतं. मोटरसायकलची टाकी फ्रेमच्या मधल्या पाइपवर बसते, म्हणून तिच्या पोटात मधोमध उंचवटा असतो आणि दोन्ही बाजूंना दोन पोटं. तोंडातून एक पोट दिसतं. दुसरं दिसण्यासाठी आरसा लागतो. आम्ही दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांड्याचा आरसा घेतला. पलीकडच्या पोटाच्या बुडाशी, शिवणीलगत, सुपारीएवढ्या जागेत पत्रा खवल्याखवल्यांनी उठला होता. पाणी बसत होतं ते तिथेच. गाडी साइडस्टँडवर कलते ती डाव्या अंगाला आणि ते डावंच पोट होतं.

या टप्प्यावर बहुतेक जण घाई करतात आणि थेट ॲसिडकडे वळतात. टू-स्ट्रोकच्या टाकीत तर तसं मुळीच करू नये. ऑइलचा थर जोवर आहे तोवर ॲसिड गंजापर्यंत पोचणारच नाही. आधी डिझेल घालून हलवायचं, ते ओतायचं, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण. पुन्हा, परत पुन्हा, आतल्या भिंतीवर पाणी सपाट पसरेपर्यंत. पाण्याचे मणी होत असतील तर तेल अजून शिल्लक आहे. हे काम कंटाळवाणं आहे आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गंजाचे मोठे खवले सुटायला हवेत म्हणून लोक आत मूठभर नटबोल्ट टाकून टाकी खुळखुळवतात. मी जुन्या चेनचा तुकडा वापरला, एका टोकाला तार बांधून. बोल्ट पलीकडच्या पोटात जाऊन अडकला तर टाकी उलटीपालटी करत दुपार जाते. चेन तारेनं ओढली की बाहेर.

मग आंबट. गंज आंबटानं सुटतो हे गोव्यात कुणाला शिकवावं लागत नाही. समया, पितळेची भांडी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी चिंचेनं, आमसुलानं, नाहीतर परसातल्या बिंबल्यांनी घासली जातात. बिंबलीत ऑक्झॅलिक ॲसिड भरपूर, म्हणून कपड्यावरचा लोखंडाचा डागही तिनं जातो. आईनं पहिल्यांदा तेच सुचवलं. काकानं माडाच्या विनागराचं नाव काढलं. दोघांचंही तत्त्वानं बरोबर. पण विनागरात ॲसेटिक ॲसिड चार-पाच टक्केच असतं, आणि टाकी गळ्यापर्यंत भरायची तर कितीतरी बाटल्या लागतील. बिंबल्या घासायला ठीक, जिथे हात जात नाही तिथे काय घासणार? हार्डवेअरच्या दुकानात संडास धुण्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड मिळतं, ते झटपट काम करतं म्हणून गॅरेजवाल्यांचं लाडकं आहे. मी त्याच्या विरुद्ध आहे. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, शिवणीत शिरून बसतं, धुऊनही पुरतं निघत नाही, आणि त्याच्या नुसत्या वाफेनं शेजारी टांगलेले पाने गंजतात.

काही लोक विजेनं गंज काढतात. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरायचं, बॅटरी चार्जरची ऋण वायर टाकीला, धन वायर आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळीला, सळी टाकीला कुठेही न टेकता. पद्धत चांगली आहे, पत्र्याला इजा नाही. पण सळीच्या समोर जो भाग येतो तिथेच ती नीट चालते, दोन पोटांच्या टाकीत कोपरे राहतात. त्यात हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावरच करायला हवं. आणि स्टेनलेस स्टीलची सळी कधीच वापरू नये, तिच्यातल्या क्रोमियमनं ते पाणी विषारी होतं.

आम्ही लिंबाचं फूल घेतलं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, किराणावाल्याकडून सुटं. सायट्रिक ॲसिड सौम्य, वास नाही, हात भाजत नाही, आणि त्याची खुबी अशी की ते गंज नुसता सोडवत नाही, सुटलेलं लोह पाण्यात धरूनही ठेवतं. लिटरला ७० ते १०० ग्रॅम पुरतं. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. कॉकच्या जागी रबराचं बूच, बाहेरच्या रंगावर ग्रीसचा हात आणि वर प्लॅस्टिक. काकाच्या टाकीचा मूळचा मरून रंग आम्हाला जपायचा होता. टाकी काठोकाठ भरायची, कारण पाण्याच्या रेषेवर जिथे हवा आणि ॲसिड दोन्ही भेटतात तिथे पत्रा जास्त खाल्ला जातो. साधारण एक दिवस-रात्र. मधूनमधून आरसा घालून बघायचं. नारिंगी गेलं, राखाडी दिसायला लागलं, की थांबायचं. गंज संपल्यावर ॲसिड पत्र्याकडे वळतं.

ओतलेलं पाणी हिरवट-पिवळं, जड दिसतं. ते आमच्याकडे परसात ओतायची सोय नाही, कारण परसात विहीर आहे आणि त्याच विहिरीचं पाणी आम्ही पितो. बादलीत खायचा सोडा घालून फेस थांबेपर्यंत ढवळलं, खाली बसलेला लाल चोथा वेगळा काढला. आधीचं डिझेल-ऑइल कॅनमध्ये भरून मेस्त्रींच्या जळक्या ऑइलच्या पिंपात गेलं. टाकी साफ करण्याबद्दल भरभरून सांगणारे हे पाणी कुठे गेलं ते सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता जे घडतं ते डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. सोड्याच्या पाण्यानं, मग साध्या पाण्यानं टाकी धुतली. आत दिवा सोडला तर पत्रा नवा, करडा, जरा चमकदारच. आणि आपण बघत असतानाच त्या करड्यावर एका कडेनं पिवळसर झाक येते. आधी शिवणीजवळ, मग जिथे पाण्याचा थेंब अडकला आहे त्याच्याभोवती गोल, मग ती झाक नारिंगी होते. काही मिनिटांची गोष्ट. नुकतं उघडं पडलेलं लोखंड, त्यावर पाणी, भोवती दमट हवा. त्याला आणखी काही लागत नाही. म्हणून हे काम पावसाळ्यात करू नये. मेस्त्री ऐकूनच घेत नव्हते. "चवथ होऊ दे, दिवाळी होऊ दे, उत्तरेचं वारं सुटू दे, मग या." नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने गोव्यातल्या टाक्यांचे. तेव्हाही पाणी ओतल्याबरोबर स्पिरिट घालून हलवायचं, म्हणजे ते उरलेलं पाणी आपल्यात घेतं. ते ओतून टाकी उन्हात ठेवायची, उडून जाऊ द्यायचं, आणि वाफ पूर्ण गेल्यावरच ब्लोअरची हवा. शेवटी फॉस्फोरिक ॲसिडचं पातळ पाणी फिरवलं तर पत्र्यावर लोह-फॉस्फेटचा करडा-काळा थर बसतो. तो गंजाला काही काळ थोपवतो आणि वरच्या लेपाला पकडही देतो.

डाव्या पोटातले खवले गेले तेव्हा मेस्त्रींनी टाकीत पाणी भरून बाहेरून कोरडी केली आणि शिवणीवर पांढरा खडू फासला. थोड्या वेळानं खडूवर दोन ठिपके ओले झाले. सुईच्या टोकाएवढी भोकं. गंजच त्यांना बुजवून होता, गंज गेला तशी ती उघडी पडली. वाटेत टाकी गळायला लागली तर अंगाच्या साबणाची वडी घासतात, साबण पेट्रोलात विरघळत नाही, घर गाठता येतं. पण तो तेवढ्यापुरता इलाज. मेस्त्रींनी डाग द्यायचं, म्हणजे कथील वितळवून भोकं बुजवायचं ठरवलं. त्याआधी टाकी पुन्हा सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुतली, रात्रभर पाणी भरून ठेवली, आणि डाग देतानाही भोकाच्या खालपर्यंत पाणी ठेवूनच. वाफेला जागाच ठेवायची नाही. जोडकामाची ज्योत न लावता त्यांनी तापवलेल्या तांब्याच्या खैयानं, म्हणजे डाग द्यायच्या अवजारानं, कथलाचा डाग दिला. "वेल्डिंग केलंत तर पातळ पत्र्यात भोक मोठं होणार," ते म्हणाले, आणि बाजूचा पत्रा नखानं दाबून दाखवला. तो खरोखरच लवत होता.

लेपाचं काम मला कल्हईसारखं वाटतं. लहानपणी चवथीच्या आधी कल्हईवाला अंगणात भाता मांडून बसायचा. भांडं आधी आतून घासून लख्ख करायचा, तापवायचा, नवसागर टाकायचा, आणि मगच कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्यानं एका झटक्यात फिरवायचा. घासण्यात त्याचा निम्म्याहून अधिक वेळ जायचा. जिथे डाग राहिला तिथे कथील धरायचंच नाही. पुष्कळ जुन्या मोटारगाड्यांच्या पेट्रोलटाक्याही शिसं आणि कथील चढवलेल्या पत्र्याच्याच असायच्या.

पण लेप लावावा की नाही, हा प्रश्न आधी विचारायला हवा, आणि माझं मत इथे बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. ज्या टाकीला भोक नाही, पत्र्यात खोल खड्डे नाहीत आणि जी गाडी नेमानं रस्त्यावर येणार आहे, तिला लेप लावू नये. स्वच्छ करावी, पेट्रोल भरावं, चालवावी. लेप एकदा बसला की काढणं फार जिकिरीचं, आणि कधीतरी तो सुटणारच. लेप कथलाचा डाग पडलेल्या, खड्डे पडलेल्या टाकीसाठी. काकाची टाकी तशी होती, म्हणून लावला.

लेप साधारण दोन प्रकारचे. एक दोन डब्यांचं इपॉक्सी, ठरलेल्या प्रमाणात मिसळायचं. दुसरं एका डब्यातलं पॉलियुरेथेन, जे हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं. ऐकायला हे दुसरं गोव्यासाठीच केल्यासारखं वाटतं, पण पाण्याशी संयोग होताना त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि ओलावा जास्त झाला तर लेपात बुडबुडे धरतात. बुडबुडा म्हणजे पुन्हा भोक. आम्ही इपॉक्सी घेतलं, आणि घेताना डब्यावर एकच गोष्ट शोधली: इथेनॉलला टिकतं का. जुन्या काळचे काही लेप नुसत्या पेट्रोलात वर्षानुवर्षं टिकायचे, पण इथेनॉलनं ते मऊ पडून सोलल्यासारखे निघतात. भारतात २०२२ मध्ये पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल झालं, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत तेच सगळीकडे झालं. येझदी बनली तेव्हा हे कुणाच्या हिशोबात नव्हतं. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी ते आपल्यात सामावून इंजिनापर्यंत नेतं, तेवढं चांगलंच. पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि वेगळा थर होऊन तळाला जातात. तो थर नुसत्या पाण्यासारखाच पत्रा खातो.

ओतण्याआधी कॉकच्या आट्यांत ग्रीस लावलेला जुना बोल्ट बसवला, म्हणजे आटे भरून जाऊ नयेत. मिश्रण आत गेल्यावर टाकी थांबवायची नाही. बुडावर, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, तोंडाकडे, शेपटाकडे, पाठीवर, सावकाश, प्रत्येक शिवणीतून लेप ओघळत गेला पाहिजे. मी आणि मेस्त्रींचा मुलगा आळीपाळीनं फिरवत होतो, मेस्त्री दिवा आणि आरसा घेऊन कुठे करडं राहिलं ते सांगत होते. "डावं पोट... अजून... आता तोंडाची कड." मग उरलेलं सगळं ओतून काढायचं. ही पायरी महत्त्वाची. तळाशी डबकं राहिलं तर वरून साय धरते आणि आत ते कच्चंच राहतं, पुढे तोच पोपडा निघतो. दोन पातळ हात एका जाड हाताहून नेहमी बरे. तोंडाच्या कडेला आणि वाफेच्या वाटेला लेप साचू द्यायचा नाही. नंतर टाकी उघडी, सावलीत, डब्यावर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत. नख मारून बघायचा मोह होतो. थांबावं.

काका त्या दिवसांत रोज सोप्यावरून विचारायचा, "भरलं का पेट्रोल?" मी म्हणायचो, "अजून नाही काका, तू धीर धर." "इतकी वर्षं धरलाच की," असं म्हणून तो पुन्हा पेपरात डोकं घालायचा. पहिल्यांदा पेट्रोल भरलं तेव्हा त्यानं स्वतः ऑइल मोजून घातलं, जुन्या मापानं, आणि टाकी हातानं दोनदा हलवली. किक मी मारली. येझदीचा गिअरचा दांडा उलटा वळवून किकचा होतो, हे नव्या पोरांना दाखवावं लागतं. काकाला सांगावं लागलं नाही, तो आपणहून मागे बसला.

आता पावसाळ्याचं काय करायचं, यावर आमच्यात वाद आहे. काका म्हणतो, टाकी काठोकाठ भरून ठेव, हवेला जागाच नको. हे जुन्या पेट्रोलाच्या काळात पूर्ण बरोबर होतं आणि नियमानं चालणाऱ्या गाडीला आजही आहे. पण जी गाडी जून ते सप्टेंबर हलणारच नाही, तिच्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरून ठेवायला माझं मन घेत नाही. मी म्हणतो, टाकी पूर्ण रिकामी करावी, सुकवावी, लेप नसेल तर आत ऑइलचा हात फिरवावा, झाकण लावून घरात आणून ठेवावी. तोडगा असा निघाला की पावसातही आठवड्यातून एकदा उघडीप बघून गाडी अस्नोड्यापर्यंत नेऊन आणायची आणि पेट्रोल वरच्यावर भरत राहायचं.

कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी असते, ती पाऊस संपल्यावर उघडली. गंजाचा कण नव्हता, पाण्याचा थेंब नव्हता. बारीक काळे कण मात्र होते. बोटांत चोळले तर रबर निघालं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी आतून मऊ होऊन झिजत होती, जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या रबराची नळी मेस्त्रींनी मागवली आहे. ती आली की जुनी कापून टाकायची, क्लिपाही नव्या, आणि तोवर गाडी मेनवर.